कॉम्प्रेसरच्या तेलात अ‍ॅडिटिव्ह: कधी टाकायचं, किती टाकायचं आणि बाटली कधी बंदच ठेवायची

फ्रिज किंवा एसीच्या सीलबंद कॉम्प्रेसरमध्ये तेल एकदा भरलं की बहुतेक वेळा ते कॉम्प्रेसर निकामी होईपर्यंत तिथेच राहतं. गाडीच्या इंजिनचं तेल बदलावं लागतं, कारण तिथे इंधन जळतं आणि काजळी तेलात उतरते. कॉम्प्रेसरमध्ये काहीच जळत नाही. यंत्रणा कोरडी आणि स्वच्छ असेल, व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं) नीट झालेला असेल, तर त्या तेलाला बाहेरून काही लागत नाही. अ‍ॅडिटिव्हची गरज पडते ती आत ओलावा किंवा हवा शिरल्यावर, अ‍ॅसिड तयार झाल्यावर, किंवा तेल भाजून निघाल्यावर. यातलं नेमकं काय झालंय ते न बघता बाटली ओतली, तर मूळ दोष तसाच राहतो आणि तेलात अजून एक रसायन वाढतं.

आधी तेल ओळखा

आर-२२ गॅसच्या जुन्या मशिनमध्ये मिनरल तेल किंवा अल्किलबेन्झिन असतं. आर-१३४ए, आर-४०४ए, आर-४१०ए या गॅसांबरोबर पीओई (पॉलिओल एस्टर) हे कृत्रिम तेल चालतं, आर-३२मध्ये पीओई किंवा पीव्हीई (पॉलिव्हिनाइल ईथर). आर-६००एच्या घरगुती फ्रिजमध्ये बहुधा मिनरल किंवा अल्किलबेन्झिन असतं. गाडीच्या एसीत बहुधा पीएजी (पॉलिअल्किलीन ग्लायकॉल) असतं. कॉम्प्रेसरच्या पाटीवर किंवा मॉडेलच्या माहितीपत्रकात तेलाचा प्रकार, त्याचा घट्टपणा म्हणजे व्हीजी आकडा आणि एकूण मिलीलिटर दिलेले असतात. हे तीन आकडे हातात नसतील तर पुढचं काम करूच नये. ‘सगळ्या तेलांना चालतं’ असं लिहिलेली बाटली असली तरी तिच्यातल्या वाहक तेलाचा प्रकार बघा. मिनरल तेलात विरघळवलेलं औषध आर-४१०एच्या यंत्रणेत टाकलं, तर तो मिनरलचा भाग गॅसमध्ये नीट मिसळत नाही आणि कूलिंग कॉइलमध्ये मागे राहतो.

पीओईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सध्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ त्याच्या स्वभावात आहे. हे तेल अल्कोहोल आणि फॅटी अ‍ॅसिड यांच्या संयोगातून बनतं आणि तो संयोग होताना पाणी बाहेर पडतं. आत पुन्हा पाणी आणि उष्णता मिळाली की तीच क्रिया उलटी फिरते आणि तेलातून अ‍ॅसिड सुटतं. मिनरल तेल जेमतेम शंभर पीपीएम (दहा लाखांत शंभर भाग) एवढंच पाणी धरतं, पीओई हजाराच्या वर धरू शकतं. एकदा पीओईने पाणी धरलं की व्हॅक्यूम पंप कितीही तास चालवला तरी ते पुरेसं निघत नाही, ते ओढायचं काम ड्रायरच (गॅसच्या लाइनमध्ये बसवलेला, ओल शोषणारा फिल्टर) करतो. तेलातला ओलावा ५० पीपीएमच्या आत ठेवणं हे लक्ष्य धरावं. म्हणून पीओईचा डबा धातूचाच घ्यावा, उघडला की काही मिनिटांत वापरावा, आणि अर्धा उरलेला डबा पुढच्या कामासाठी ठेवू नये. प्लॅस्टिकच्या बाटलीत काढून ठेवलेलं पीओई भिंतीतूनही ओल ओढतं.

तेल बिघडतं कसं

अ‍ॅसिड दोन वाटांनी तयार होतं. एक वाट वर आलीच: ओल आणि पीओई. दुसरी वाट मोटरचं वाइंडिंग जळण्याची. आर्किंगच्या (विजेच्या ठिणगीच्या) उष्णतेत गॅस फुटतो आणि हायड्रोक्लोरिक किंवा हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड बनतं. हे जास्त जहाल. अशा तेलाला झणझणीत वास येतो, ते त्वचा भाजतं, म्हणून रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय जळलेला कॉम्प्रेसर उघडू नये.

अ‍ॅसिड तांब्याच्या नळ्यांमधून तांबं विरघळवतं. ते तांबं गॅसबरोबर फिरत जाऊन सगळ्यात गरम लोखंडी पृष्ठभागावर बसतं, म्हणजे बेअरिंगवर आणि व्हॉल्व्ह प्लेटवर. बेअरिंगमधली फट मायक्रॉनमध्ये मोजायची असते. तिथे तांब्याचा थर चढला की तेलाला जागा उरत नाही, अ‍ॅम्पिअर वाढतात आणि शेवटी शाफ्ट अडकतो. कॉम्प्रेसर कापून पाहिल्यावर बेअरिंग तांबूस दिसलं, तर तेलात दीर्घकाळ अ‍ॅसिड होतं हे नक्की.

उष्णतेचा हिशोब वेगळा. डिस्चार्ज लाइनवर (कॉम्प्रेसरमधून गरम गॅस बाहेर नेणाऱ्या नळीवर) कॉम्प्रेसरपासून १५ सेंमीवर थर्मोकपल बांधा, वरून इन्शुलेशन गुंडाळा आणि मशिन स्थिरावल्यावर वाचा. १०७ अंश सेल्सिअसच्या वर आकडा जाऊ नये. आत व्हॉल्व्हवरचं तापमान या आकड्याहून आणखी २५ ते ४० अंशांनी जास्त असतं आणि तिथेच तेल काळं पडून कोळशासारखा थर धरतं. रासायनिक क्रियांचा वेग साधारण दर १० अंशांना दुप्पट होतो हा ठोकताळा लावला, तर ९५ आणि ११५ अंशांमधला फरक किती मोठा ते कळेल. डिस्चार्ज गरम असण्याचं कारण घाण कंडेन्सर, कमी गॅस, जास्त सुपरहीट (पूर्ण वाफ झाल्यावर गॅस जेवढा आणखी तापतो ते) किंवा कमी सक्शन (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं) प्रेशर यांपैकी बहुधा एक असतं. यातलं एकही बाटलीने सुटत नाही.

तपासणी: हे चार आकडे लिहून ठेवा

चालू मशिनचं सक्शन आणि डिस्चार्ज प्रेशर, क्लॅम्प मीटरवरचे अ‍ॅम्पिअर, डिस्चार्ज लाइनचं तापमान, आणि कॉइलच्या आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान. सोबत बाहेरचं तापमान लिहा. नंतर ‘अ‍ॅम्पिअर कमी झाले’ असं म्हणायचं असेल, तर ते याच बाहेरच्या तापमानाला आणि याच लोडवर मोजलेले असायला हवेत. संध्याकाळी बाहेरचं तापमान ६ अंशांनी उतरलं तरी अ‍ॅम्पिअर उतरतात आणि श्रेय बाटलीला जातं.

मग अ‍ॅसिड टेस्ट. सर्व्हिस व्हॉल्व्ह आणि तेल काढायची सोय असलेल्या सेमी-हर्मेटिक (बोल्ट काढून उघडता येणाऱ्या) मशिनमध्ये थेट क्रँककेसमधून (तळाच्या तेलाच्या कप्प्यातून) नमुना घ्या. सीलबंद कॉम्प्रेसरमध्ये सक्शनच्या पिन व्हॉल्व्हला टेस्ट ट्यूब लावून वाफेबरोबर येणारं तेल पकडता येतं. तेलाची किट मिनरल आणि पीओईसाठी वेगवेगळी असते, कारण दोघांची मर्यादा वेगळी आहे. मिनरल तेलात ०.०५ अ‍ॅसिड नंबरलाच (एक ग्रॅम तेलातलं अ‍ॅसिड मारायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) सावध व्हावं, पीओईत थोडा जास्त आकडा सहन होतो. चुकीची किट वापरली तर निरोगी तेलही नापास होतं.

रंगावर फार विसंबू नका. यूव्ही डाय (गळती शोधायचा रंग) टाकलेलं तेल पिवळं-हिरवं दिसतं, पण ते खराब नसतं. उलट, पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं पीओई ओलं असू शकतं. काळपट तेल आणि जळका वास एकत्र असतील तर मात्र शंका घ्यायला जागा नाही. लिक्विड लाइनच्या साइट ग्लासवर ओलावा दाखवणारा ठिपका असेल तर तोही बघा. हिरवा म्हणजे कोरडा, पिवळा म्हणजे ओला. मशिन काही तास चालल्यानंतरचाच रंग खरा.

बाटलीत काय असतं

अ‍ॅसिड न्यूट्रलायझर सर्वांत उपयोगी आणि सर्वांत जास्त चुकीचा वापरला जाणारा प्रकार. जुन्या पद्धतीच्या न्यूट्रलायझरमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइडसारखा अल्कली असतो. तो अ‍ॅसिडशी भिडला की क्षार आणि पाणी तयार होतं. पाणी थोडंसंच असतं, पण पीओईच्या यंत्रणेत तेवढंही नको असतं, म्हणून हा प्रकार टाकल्यावर ड्रायर बदलणं बंधनकारक समजा. शिवाय अ‍ॅसिड संपून अल्कली उरला तर तो पीओईवरच चालून जातो आणि साबण बनतो. जास्त मात्रेचं नुकसान इथे अगदी उघड आहे. दुसरा प्रकार अ‍ॅसिड स्कॅव्हेंजरचा. त्यात एपॉक्साइड जातीची संयुगं असतात, ती अ‍ॅसिडला स्वतःला जोडून घेतात आणि पाणी सोडत नाहीत. पीओईसाठी हाच पसंत करावा.

अँटी-वेअर अ‍ॅडिटिव्हमध्ये ट्रायक्रेसिल फॉस्फेटसारखी फॉस्फेट संयुगं असतात, ती धातूवर पातळ संरक्षक थर धरतात. याची गरज का निर्माण झाली ते समजण्यासारखं आहे. आर-१२ आणि आर-२२मध्ये क्लोरिन होतं आणि तेच घर्षणाच्या जागी लोखंडाबरोबर वंगणाचा थर बनवत होतं. आर-१३४ए, आर-४१०ए आणि आर-३२मध्ये क्लोरिन नाही, म्हणून ते काम तेलाकडे आलं. पण जिथे ही गरज आहे तिथे कॉम्प्रेसर कंपन्या ती तेलातच भागवून देतात. वरून अजून टाकल्याने थर दुप्पट जाड होत नाही.

‘वीज वाचवणारं’, ‘धातूला चिकटणारं’ असं लिहिलेल्या काही बाटल्यांत क्लोरिनयुक्त पॅराफिन असतात. गरम जागी ते फुटून अ‍ॅसिड सोडू शकतात. घटक लिहिलेले नसतील तर ती बाटली घेऊ नये. टेफ्लॉन किंवा ग्रॅफाइटची भुकटी असलेलं औषधही नको. फ्रिजच्या कॅपिलरीचं (गॅसचा दाब उतरवणाऱ्या बारीक नळीचं) छिद्र ०.६ ते ०.८ मिमी असतं, आणि स्ट्रेनर, ड्रायर व एक्स्पान्शन व्हॉल्व्हची जाळी हे घन कण अडवून चोक होतात.

लीक सीलर हा या यादीत नसलेलाच बरा. ते ओलाव्याशी भिडून घट्ट होतं, म्हणजे आतल्या ओल्या जागीही घट्ट होतं. रिकव्हरी मशिन आणि गेजच्या नळ्यांतही ते जमतं. गळती शोधून ब्रेझिंग (टॉर्चने धातू वितळवून जोड भरणं) करणं हाच उपाय.

मात्रा काढायची कशी

हिशोब तेलाचा करायचा, गॅसचा नाही. लेबलवर ‘इतक्या टनांसाठी एक बाटली’ असं लिहिलेलं असलं तरी टक्का काढून बघा. बहुतेक न्यूट्रलायझर तेलाच्या २ ते ३ टक्के लागतात. १२०० मिली तेलाच्या स्क्रोलमध्ये ३ टक्के म्हणजे ३६ मिली. २०० मिली तेलाच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरमध्ये तेवढ्याच टक्क्याने फक्त ६ मिली. ११८ मिलीची मोठी बाटली अशा फ्रिजमध्ये रिकामी केली तर आतल्या एकूण द्रवाचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग औषधच झाला. घट्टपणा बदलतो, वंगण तुटतं आणि डोमच्या (कॉम्प्रेसरच्या सीलबंद कवचाच्या) आत तेलाची पातळी वाढून क्रँक तेलावर आपटू लागतो.

आधी कुणी डाय टाकलाय का, दुसरं औषध टाकलंय का, तेही विचारा. सगळ्या अ‍ॅडिटिव्हची बेरीज ५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये, कितीही चांगली बाटली असली तरी. लेबलवर मर्यादा त्याहून कमी लिहिली असेल तर तीच पाळा.

टाकण्याची पद्धत

सुरुवात ड्रायरपासून करा. गॅस रिकव्हर करून (मशिनने काढून सिलिंडरमध्ये साठवून) जुना लिक्विड लाइन ड्रायर कापून काढा, टॉर्चने तापवून सोडवू नका, कारण तापलेला ड्रायर धरलेलं पाणी परत नळीत सोडतो. नवीन ड्रायर बसवताना आतून हळू नायट्रोजन वाहता ठेवून ब्रेझिंग करा, नाहीतर तांब्याची काळी खपली तयार होते आणि पीओई ती धुऊन थेट कॅपिलरीकडे नेतं. आर-६००ए आणि आर-२९० ज्वलनशील आहेत, तिथे टॉर्च पेटवण्याआधी यंत्रणा पूर्ण रिकामी करून नायट्रोजनने फ्लश केलीच पाहिजे. शक्य असेल तर ब्रेझिंगऐवजी प्रेस जोड वापरावा.

मग ५०० मायक्रॉनपर्यंत (इथे मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं एकक) व्हॅक्यूम, आणि पंप वेगळा करून १० मिनिटं थांबा. आकडा थोडा चढून १००० मायक्रॉनच्या आत थांबला तर ठीक. १५०० ते २०००वर जाऊन थांबला तर आत ओल आहे. थांबतच नसेल तर गळती आहे. व्हॅक्यूम असताना कॉम्प्रेसरला वीज देऊ नये आणि मेगरही (इन्शुलेशन तपासायचं मीटर) लावू नये. विरळ हवेत ठिणगी सहज उडते आणि वाइंडिंग जातं.

औषध टाकायची सर्वांत सुरक्षित वेळ हीच: व्हॅक्यूम पूर्ण झाल्यावर, गॅस भरण्याआधी. मोजलेली मात्रा एका स्वच्छ, कोरड्या काचेच्या भांड्यात घ्या, नळीचं टोक औषधात पूर्ण बुडवा, नळीत आधी औषध भरून हवा काढून टाका आणि व्हॉल्व्ह किंचित उघडून व्हॅक्यूमलाच ते ओढू द्या. भांड्यात टोक बुडेल एवढं औषध उरलेलं असतानाच व्हॉल्व्ह बंद करा. शेवटचा थेंब ओढायच्या नादात हवा आत जाते आणि मघाशी केलेल्या व्हॅक्यूमवर पाणी पडतं. नळीत राहणारे ५-७ मिली मात्रेच्या वर जास्तीचे मोजून घ्या.

चालू मशिनमध्ये टाकायचं असेल तर हाताचा ऑइल पंप किंवा लाइनमध्ये बसणारा इंजेक्टर लागतो. पंप आधी नळीच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत चालवा, मगच सक्शनच्या पोर्टला जोडा. १० ते १५ मिली सोडा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा सोडा. घाई नको, कारण द्रव दाबला जात नाही. रोटरी कॉम्प्रेसरमध्ये सक्शन सरळ सिलिंडरमध्ये जातं, अक्युम्युलेटरमधलं (सक्शनवरच्या छोट्या डब्यातलं) लहान छिद्र तेल थोडं थोडं सोडतं म्हणून तो वाचतो. एकदम ३०-४० मिली ढकललं तर ते छिद्र पुरं पडत नाही. आर-६००एच्या फ्रिजमध्ये तर चालू असताना टाकूच नये. तिथे सक्शन वातावरणाच्या दाबाखाली असतं, जोड किंचित सैल असला तरी हवा आत खेचली जाते, आणि ज्वलनशील गॅसमध्ये हवा मिसळणं धोक्याचं.

नंतरचे दोन दिवस

मशिन किमान २४ तास चालू द्या आणि मग अ‍ॅसिड टेस्ट पुन्हा करा. सुटलेला मळ आता फिरतो आहे, त्यामुळे ड्रायरच्या दोन्ही टोकांना हात लावून बघा, मग थर्मोमीटरने खात्री करा. दीड-दोन अंशांचा फरक दिसला तर ड्रायर चोक होतोय. सक्शन प्रेशर हळूहळू उतरतंय आणि सुपरहीट वाढतंय, हीसुद्धा चोकचीच लक्षणं. यावर गॅस वाढवणं ही नेहमीची चूक. ड्रायर बदला.

टेस्ट अजून अ‍ॅसिड दाखवत असेल तर दुसरी बाटली नको. आता तेलच बदला.

खरी साफसफाई: तेल बदल आणि ड्रायर

जळलेल्या कॉम्प्रेसरनंतर यंत्रणा स्वच्छ करायची असेल तर अ‍ॅडिटिव्हपेक्षा हा मार्ग कैक पटींनी खात्रीचा. नवीन कॉम्प्रेसरबरोबर लिक्विड लाइनला मोठ्या मापाचा ड्रायर आणि सक्शन लाइनला बर्नआउट ड्रायर बसवा. बर्नआउट ड्रायरमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना असतं, ते अ‍ॅसिड धरतं. पाणी धरायचं काम मॉलिक्युलर सीव्हचं. सक्शन ड्रायरच्या दोन्ही बाजूंना प्रेशर पोर्ट ठेवा. एसीच्या मशिनमध्ये साफसफाईच्या काळात दाबात साधारण ८ पीएसआयपर्यंतचा फरक चालतो, पण कायम ठेवायचा असेल तर ३च्या आत हवा. डीप फ्रीझरसारख्या कमी तापमानाच्या मशिनमध्ये हेच आकडे अनुक्रमे २ आणि १ धरा. तीन दिवसांत टेस्ट स्वच्छ आली की सक्शन ड्रायर काढून सरळ नळी किंवा साधा फिल्टर लावा. तो विसरून तसाच ठेवला तर सक्शन प्रेशर पडतं, डिस्चार्ज तापतं आणि तेल पुन्हा भाजू लागतं.

सेमी-हर्मेटिकमध्ये तेल काढून नवीन भरणं सोपं. मिनरलवरून पीओईवर जाताना साधारण तीन बदल लागतात, दर बदलामध्ये मशिन २४ तास चालवायचं आणि उरलेलं मिनरल तेल ५ टक्क्यांच्या खाली आलं की थांबायचं. पीओई स्वतःच चांगला विरघळवणारा पदार्थ आहे, कित्येक वर्षांचा थर तो सोडवतो. म्हणून पहिल्या बदलानंतर तेल काळं आलं तर घाबरू नका, ड्रायर मात्र दर वेळी बदला. सीलबंद कॉम्प्रेसरचं तेल सक्शनच्या नळीतून पालथं करून काढावं लागतं. निघालेलं तेल मोजा आणि तेवढंच भरा, कॉइलमध्ये अडकलेलं उरतंच.

कॉइलमध्ये तेल साठून थंडावा कमी झाला, म्हणून ‘तेल सोडवणारं’ अ‍ॅडिटिव्ह टाकायची सूचना अनेकदा मिळते. तेल परत येत नसेल तर कारण नळ्यांत शोधा. उभ्या सक्शन नळीत गॅसचा वेग सेकंदाला ७.५ मीटरच्या आसपास आणि आडव्या नळीत ३.५ मीटरच्या वर हवा. नळी गरजेपेक्षा जाड टाकली असेल किंवा उभ्या नळीच्या तळाशी ट्रॅप नसेल तर तेल वर चढत नाही. थंड हवेत बंद मशिनमध्ये गॅस तेलात उतरतो आणि सुरू होताच फेस होऊन तेल बाहेर फेकलं जातं. त्यासाठी क्रँककेस हीटर आहे, तो सुरू करून १२ ते २४ तासांनी मशिन चालू करावं.

अमोनियाच्या प्लांटमध्ये आणि कार्बन डायऑक्साइडच्या यंत्रणेत वरच्या कुठल्याही बाटल्या चालत नाहीत. वॉरंटीतल्या कॉम्प्रेसरमध्ये कंपनीच्या लेखी संमतीशिवाय काही टाकू नये, दावा करताना तेलाचा नमुना तपासला जातो.

काढलेलं अ‍ॅसिडवालं तेल झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, तारीख आणि ‘अ‍ॅसिड’ असं लिहून वेगळं ठेवा आणि वापरलेलं तेल गोळा करणाऱ्यांकडे द्या. मोरीत किंवा मातीत ओतू नका. मशिनच्या पाटीजवळ एक स्टिकर लावा: कोणतं अ‍ॅडिटिव्ह, किती मिली, कोणत्या तारखेला, ड्रायर कोणत्या मापाचा. पुढे येणाऱ्या मेकॅनिकला मात्रेचा हिशोब तिथूनच सुरू करता येतो.